कसे वाटले?

मृगाचा पाऊस लागला की आमच्या लांज्यास दोन गोष्टी हटकून घडतात. पहिली, वीज जाते. दुसरी, आमच्या कादंबरीचे वाचन सुरू होते. टीव्ही मुका होतो, मोबाइलची बॅटरी हळूहळू उतरते, आणि घरातील नऊ-दहा माणसे आपोआप माजघरात एका दिव्याभोवती जमतात. आमच्या आजोबांच्या वेळी अशा बैठकीत चातुर्मासभर पांडवप्रताप वाचला जाई. आता आमचे हस्तलिखित वाचले जाते. श्रोत्यांच्या पुण्यसंचयात त्यामुळे किती तूट आली असेल, याचा हिशेब आम्ही केलेला नाही.

आम्ही कोणी नामांकित लेखक नव्हे. मुंबई-गोवे हमरस्त्यावरील हे तालुक्याचे गाव; रत्नागिरीकडून येणारा प्रवासी आंजणारीचा पूल ओलांडून येतो, येथे चहा घेतो आणि राजापुराच्या वाटेला लागतो. येथेच आमची नोकरी, येथेच घर. पहाटे पाच ते सात एवढा वेळ आमचा स्वतःचा. त्या वेळात गेली सहा वर्षे आम्ही एकच कादंबरी लिहीत आहो. अशी हौस असलेले गृहस्थ व गृहिणी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि या मासिकाच्या वाचकांतही कित्येकांच्या कपाटात कापडात गुंडाळलेले एखादे बाड असेल, अशी आमची खात्री आहे. अशा मंडळींस दोन प्रश्न नेहमी पडतात. लिहिणाऱ्याने वाचावे कसे? आणि लिहिलेले दाखवावे कोणास? या दोहोंविषयी आम्हांस ठेच लागून जे शहाणपण आले, ते येथे सांगावयाचे आहे.

वाचनाची लागण

प्रथम वाचनाविषयी. लहानपणी आम्ही अधाशासारखे वाचीत असू. घरातील लाकडी पेटीत आजोबांनी पुठ्ठे बांधून ठेवलेली पुस्तके होती. ती संपल्यावर गावातील व शाळेतील कपाटे झाली. पुढे शिक्षणासाठी रत्नागिरीस राहिलो तेव्हा १८२८ साली स्थापन झालेल्या तेथील नगर वाचनालयाचा आश्रय मिळाला. त्या वाचनास मर्यादा नव्हती आणि पद्धतही नव्हती. गोष्ट पुढे काय होते, एवढेच कळावयास हवे असे.

लिहू लागलो तेव्हा या वाचनाचा दुष्परिणाम दिसून आला. ज्या ग्रंथकाराचे पुस्तक उशाशी असे, त्याचा वारा आमच्या कादंबरीस लागे. खांडेकर वाचीत होतो त्या महिन्यात आमचा बैलगाडीवालासुद्धा सुभाषिते बोलू लागला. फडके हाती आले तेव्हा नायकाने नवे कपडे शिवले आणि नायिकेच्या घरी चहाच्या फेऱ्या सुरू केल्या. श्री. ना. पेंडसे वाचले आणि आमचे लांज्याचे शेतकरी एकाएकी दापोलीकडच्या धाटणीने बोलावयास लागले. आमच्या पुतणीने ते प्रकरण ऐकून विचारले, ‘‘काका, ही माणसे मध्येच कोठे राहावयास गेली होती का?’’ या एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले. तोवर आम्ही चाळीस पाने लिहून बसलो होतो.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक चांगली कादंबरी दोनदा वाचतो. पहिले वाचन वाचकाचे. त्यात रडावे, हसावे, जेवण विसरावे. दुसरे वाचन हातात पेन्सिल घेऊन करावयाचे. (वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत, त्यासाठी वही ठेवावी.) या दुसऱ्या वाचनात आम्ही पुस्तकास प्रश्न विचारतो. ही गोष्ट मला कोण सांगत आहे? त्याला हे कसे कळले? लेखकाने कोणती गोष्ट सांगावयाची लांबणीवर टाकली, आणि का? अमुक माणूस मला खरा वाटला तो कोणत्या वाक्यापासून? प्रकरण येथेच का थांबले?

उदाहरणार्थ, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी घ्या. ती ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९० साली ते पत्र निघाले तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. पहिल्या वाचनात यमूची कहाणी वाचून आमची आजी आणि आम्ही, दोघेही रडलो. दुसऱ्या वाचनात वहीत नोंद केली ती अशी : सारी गोष्ट यमू स्वतः सांगते, म्हणून यमूला जे कळत नाही ते लेखक आपल्या तोंडाने सांगत नाही. लहान मुलीस मोठ्यांच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. वाचकास मात्र लागतो, आणि त्या अंतरातून करुणा उत्पन्न होते. लेखकाने मध्येच येऊन समाजास दोष देण्याची गरजच राहत नाही. ही एक नोंद आम्हांस दहा व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगी पडली.

शिवाय एक मोठा प्रश्न त्या नोंदीखाली आम्ही लिहून ठेवला. सव्वीस वर्षांच्या एका पुरुषास माजघरातील मुलीचे मन एवढे कसे कळले? प्रतिभा होती, हे उत्तर खरे. पण तेवढ्याने हौशी लेखकाचे समाधान होत नाही, कारण प्रतिभा काही बाजारात मिळत नाही. दुसरे काही कारण असेल तर ते आपणांस हवे.

कानिटकरांचे घर

त्या कारणाचा थोडा माग आम्हांस काशीबाई कानिटकर यांच्या चरित्रात लागला. काशीबाईंचा जन्म १८६१ सालचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न बालपणीच झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पती गोविंद वासुदेव कानिटकर हे कवी, इंग्रजी वाङ्मयाचे व्यासंगी, आणि मिल्लच्या स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील ग्रंथाचे भाषांतरकार. बायकोने वाचावे ही त्यांची इच्छा, आणि बायकांनी पुस्तक हाती धरू नये ही भोवतालच्या समाजाची शिस्त. या दोहोंच्या कात्रीत राहून काशीबाई वाचावयास शिकल्या. पुढे १८८९ साली त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, आणि ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने निघाली.

या दांपत्याचा हरिभाऊंशी निकट स्नेह होता. एकमेकांचे लिखाण वाचणे, त्यावर बोलणे, पत्रांतून मते कळविणे, हा त्या स्नेहाचाच भाग होता. पुढे हरिभाऊंची पत्रे काशीबाईंनीच प्रसिद्ध केली. जरा विचार करा. त्या काळी परक्या पुरुषाशी बाई चार वाक्ये बोलली तरी आळीत कुजबुज होई. अशा काळात एक कादंबरीकार एका स्त्रीस वाङ्मयाविषयी आणि संसाराविषयी प्रश्न विचारतो, ती उत्तर देते, आणि तिच्या पतीस त्यात काही वावगे वाटत नाही. यमूच्या तोंडचे शब्द कोणी कोणास सांगितले, असे शोधीत बसण्यात अर्थ नाही. पण माजघरातील दुःख ज्यास लिहावयाचे आहे त्याने माजघराशी बोलले पाहिजे, एवढे हरिभाऊंस उमगले होते, असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्यांस धीर देणारी आहे. हरिभाऊंस विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती. आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था आणि पुणे नगरपालिकेचे काम सांभाळून त्यांनी लिहिले. पेंडसे यांनी मुंबईत बी. ई. एस. टी. ची नोकरी करीत कोकणावरील कादंबऱ्या लिहिल्या. ‘रथचक्र’ या कादंबरीस १९६३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांस आपले वाङ्मयीन गुरू मानीत होते. इंग्लंडचा अँथनी ट्रोलप टपालखात्यात अधिकारी होता. तो पहाटे साडेपाच वाजता घड्याळ समोर ठेवून बसे आणि पाव तासास अडीचशे शब्द असा नेम पाळी. नोकरी करणाऱ्याने कादंबरी लिहू नये असा नियम कोठेही नाही. मात्र या साऱ्यांस कोणीतरी ऐकणारे व विचारणारे लाभले होते. आम्ही तेच शोधीत होतो.

श्रोत्यांचे प्रकार

पहिले हस्तलिखित पुरे झाले तेव्हा आम्ही ते सहा ठिकाणी दाखविले, आणि प्रत्येकास एकच प्रश्न केला : ‘‘कसे वाटले?’’ या प्रश्नास मिळालेली उत्तरे वाचकांच्या उपयोगी पडतील.

एक स्नेही म्हणाले, ‘‘सुंदर!’’ पुढे बोलण्याच्या ओघात कळले की त्यांनी नायिकेस नायकाची बहीण समजून वाचले होते. दुसऱ्या एका विद्वान गृहस्थांनी पहिल्या तीस पानांतील ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले. त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. परंतु माणसे जिवंत झाली आहेत की नाहीत, याविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. तिसऱ्याने आमची गोष्ट बाजूस ठेवून स्वतःच्या आयुष्यातील गोष्ट तीन तास सांगितली आणि ‘‘हे लिहा’’ असा सल्ला दिला. चौथ्याने गावातील कोण माणूस कोणत्या पात्रात आहे, याची यादीच केली. ती यादी बाहेर फुटली असती तर आम्हांस गाव सोडावे लागले असते. पाचवी एक प्रकाशनसंस्था होती. तेथून चौदा महिन्यांनी बाड परत आले. काळजीपूर्वक पाहता असे दिसले की चवथ्या पानापुढील पाने एकमेकांस चिकटलेली होती, ती तशीच राहिली होती.

सहावी आमच्या घरातून मिळालेली प्रतिक्रिया. सौ. म्हणाली, ‘‘चांगली आहे. जेवावयास चला.’’

आम्ही फार दिवस या सहा जणांवर रुष्ट होतो. पुढे लक्षात आले की चूक प्रश्नाची होती. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न आहे असे दिसते मात्र. वस्तुतः ती स्तुतीची मागणी असते. समोरच्या सभ्य माणसास ती मागणी ओळखता येते, आणि तो ती पुरवून मोकळा होतो. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक साभार परत आलेल्या लेखासोबतही त्यातील उणिवांविषयी लिहीत, आणि मौजेचे श्री. पु. भागवत लेखकाबरोबर हस्तलिखितावर तपशिलाने चर्चा करीत, असे जुनी लेखकमंडळी सांगतात. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडले. अशी पत्रे लिहिणारे संपादक आता क्वचितच भेटतात. तेव्हा त्यांनी विचारले असते ते प्रश्न आपणच आपल्या श्रोत्यांच्या हाती दिले पाहिजेत.

चार दिवसांचे वाचन आणि एका आठवड्यातला मृत्यू

परदेशातील दोन गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. फ्रान्सचा फ्लोबेर याने १८४९ साली संत अँथनीच्या मोहांवरील आपला ग्रंथ दोन मित्रांस वाचून दाखविला. वाचन चार दिवस चालले. रोज आठ तास. वाचन पुरे होईपर्यंत कोणी काही बोलावयाचे नाही, असा करार होता. शेवटी मित्रांनी निकाल दिला : हे अग्नीत टाक आणि पुन्हा याचे नाव काढू नकोस. फ्लोबेर व्यथित झाला, पण मित्रांचे म्हणणे त्याच्या मनात राहिले. पुढे त्याने एका खेडवळ डॉक्टरच्या असंतुष्ट पत्नीची साधी गोष्ट घेतली आणि पाच वर्षे खपून ‘मादाम बोव्हारी’ लिहिली. १८५७ साली ती पुस्तकरूपाने आली आणि कादंबरीच्या इतिहासात अमर झाली. मात्र तो पहिला ग्रंथही त्याने जाळला नाही. पुष्कळ काटछाट करून १८७४ साली प्रसिद्ध केला. मित्रांचे त्याने ऐकले आणि स्वतःचेही ऐकले.

दुसरी गोष्ट ट्रोलपची. आपल्या क्लबात बसला असता त्याने दोन धर्मोपदेशकांस बोलताना ऐकले. ट्रोलप तीच ती पात्रे पुन्हा पुन्हा आणतो, आणि ती बिशपची कजाग बायको मिसेस प्राउडी तर नकोशी झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ट्रोलप उठून त्यांच्यापाशी गेला, आपली ओळख दिली, आणि म्हणाला की घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो. त्याने शब्द खरा केला. परंतु पुढे आत्मचरित्रात त्याने कबूल केले की त्या बाईची त्यास फार आठवण येत राहिली. परक्या वाचकाचे बोलणे अमोल असते, कारण त्यात आपली भीड नसते. पण ऐकल्याबरोबर कुऱ्हाड उचलावी असे नाही. श्रोत्यास दुखणे कोठे आहे ते बहुधा बरोबर कळते. औषध मात्र तो सांगेल तेच लागू पडेल असा भरवसा नसतो. ते लेखकानेच शोधावे.

माजघरातील परीक्षा

आता आमच्या माजघराकडे परत येतो. फ्लोबेरचा करार आम्ही उचलला, पण घरी पोरेबाळे असल्यामुळे रोज आठ तासांऐवजी एकच प्रकरण ठेवले. वाचताना आम्ही कोणास उत्तर द्यावयाचे नाही. प्रकरण संपल्यावर प्रत्येकाने तीन गोष्टी सांगावयाच्या : कोठे लक्ष उडाले, कोणाचे वागणे खरे वाटले नाही, आणि पुढे काय होईल असे वाटते. चिरंजीवांनी चौथी गोष्ट आपण होऊन जोडली. लक्ष उडाल्याबरोबर ते जमिनीवर खडूने एक रेघ मारू लागले. एका रात्री आमच्या निसर्गवर्णनास अकरा रेघा मिळाल्या. मुचकुंदीच्या पुराचे ते वर्णन आम्हांस अतिशय प्रिय होते. आता ते सहा ओळींचे उरले आहे आणि त्यातील पूर पूर्वीपेक्षा मोठा वाटतो, असे सारे म्हणतात.

आमच्या कादंबरीचा विषय एकत्र कुटुंबाचा. दोघे भाऊ, जुने घर, आंब्याकाजूची बाग, आणि शेवटी होणाऱ्या वाटण्या. धाकट्या नणंदेच्या लग्नात थोरली सून आपल्या पाटल्या देत नाही, आणि तेथून घर फुटते, अशी रचना होती. सुनेचा लोभ हे त्या फुटीचे कारण. ते आम्ही तीन प्रकरणे खर्चून सिद्ध केले होते, आणि आपल्या सिद्धतेवर आम्ही खूष होतो.

ते प्रकरण वाचले त्या रात्री पाऊस धो धो कोसळत होता. वाचन संपल्यावर कोणी बोलेना. दादांनी पानाचा डबा पुढे ओढला. ब्याऐंशी वर्षांच्या काकू, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून पुन्हा पुस्तके वाचू लागलेल्या, त्या भिंतीशी टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, तुझी ही थोरली सून पहाटेपासून राबते आहे. बंब पेटवते, ताक करते, उष्टी काढते, सारे लिहिलेस. पण ती कधी बसत नाही का रे? बसल्यावर तिच्या मनात काय येते, ते कोठेच नाही.’’

आमच्या वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रात्री त्या बैठकीस आल्याच नाहीत. डोके दुखते, असा निरोप आला. तिसऱ्या रात्रीही तोच निरोप. आमच्या घरात वाटण्या झालेल्या नाहीत, पाटल्यांवरून कधी काही घडल्याचे आम्हांस ठाऊक नाही. तरी थोरली सून म्हणजे आपणच, असे त्यांस वाटले असेल, ही शंका आम्हांस खाऊ लागली. कादंबरीपायी घर फुटण्याची गोष्ट लिहावी आणि कादंबरीपायीच घरात अबोला यावा, यासारखी फजिती नाही. बाड कपाटात ठेवून द्यावे, असेही मनात आले.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनी पडवीत आठळ्या सोलीत बसल्या होत्या. आम्ही जवळ जाऊन बसलो. तोंडावर आलेले ‘आवडले नाही का?’ हे शब्द गिळले आणि विचारले, ‘‘वहिनी, त्या सुनेच्या बाबतीत मी काय चुकीचे लिहिले आहे?’’

त्यांनी चार-पाच आठळ्या सोलून होईपर्यंत उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, ‘‘भावोजी, तिने पाटल्या दिल्या नाहीत, इथपर्यंत ठीक. पण तिच्याकडे त्या मागितल्या कोणी? तुमच्या गोष्टीत सासूबाई सांगतात, मामंजी सांगतात, नवरा तर नुसता निरोप पाठवतो. ‘देशील का?’ म्हणून एकाने तरी विचारले आहे का? विचारले असते तर तिने तिथल्या तिथे काढून दिल्या असत्या. बायका दागिना देतात हो. हुकमाने देत नाहीत, इतकेच.’’

आम्ही उठून आत गेलो, लाल पेन्सिल घेतली, आणि एकोणीस प्रकरणांत थोरल्या सुनेस उद्देशून कोण काय बोलते ते सारे अधोरेखित केले. त्रेसष्ट वाक्ये भरली. त्यांत प्रश्न होते दोन. पहिला, ‘‘पाणी तापले का?’’ आणि दुसरा, ‘‘चहा झाला का?’’

हे आम्ही हेतुपूर्वक लिहिलेले नव्हते. ते सवयीने, नकळत उतरले होते. म्हणजे ते आमच्या पात्रांचे वागणे नसून आमचेच होते. पुस्तकांस एवढे प्रश्न विचारणारे आम्ही. ज्या घरात पन्नास वर्षे राहिलो तेथील माणसांस काही विचारावे, हे आम्हांस सुचले नव्हते. हरिभाऊंच्या यमूविषयी वहीत लिहून ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या दुपारी पडवीत मिळाले.

हौशी लेखकांस चार शब्द

या अनुभवावरून जे नियम आम्ही स्वतःपुरते ठरविले, ते येथे नमूद करतो.

कादंबरी पुरी झाल्यावाचून कोणास दाखवू नये. अर्धवट लिखाणावर मते मागितली की मते वाढतात आणि लिखाण थांबते. पुरी झाल्यावर ती काही काळ बाजूस ठेवावी. आम्ही एक पावसाळा ठेवतो. तेवढ्यात आपण आपल्याच पुस्तकाचे थोडेसे परके होतो, आणि पुष्कळ दोष दुसऱ्याने सांगण्यापूर्वीच दिसतात.

शक्य तेथे मोठ्याने वाचून दाखवावी. वाचताना ज्या वाक्याशी आपलीच जीभ अडते ते वाक्य बहुधा खोटे असते. श्रोता कोठे कूस बदलतो, कोण कोठे पाणी प्यावयास उठतो, तेही टिपून ठेवावे. तोंडाने ‘छान’ म्हणणारा माणूस गुडघ्यांनी खरे सांगतो.

एक वाचक घरचा असावा आणि एक अगदी दूरचा. घरच्यास माणसे खरी की खोटी हे कळते. दूरच्यास गोष्ट समजते की नाही हे कळते. आमचे एक नातलग परदेशी असतात. मोबाइलवरून पाठविलेली प्रकरणे ते आगगाडीत वाचतात. पाटल्या म्हणजे बांगड्यांचाच एक जड प्रकार, हे त्यांच्या तेथे वाढलेल्या मुलीस ठाऊक नव्हते. तिच्यासाठी आम्ही टीप दिली नाही. सुनेच्या मनगटावर त्या वाजताना ऐकू येतील असे एक वाक्य मात्र घातले.

एकाने दोष दाखविला तर विचार करावा; दोघांनी एकच जागा दाखविली तर ती जागा पुन्हा लिहावी. ऐकताना समर्थन करू नये. पुस्तक छापल्यावर प्रत्येक वाचकाच्या शेजारी बसून खुलासा करण्याची सोय लेखकास नसते, हे ध्यानी ठेवावे.

आणि शेवटचे, विशेषतः आमच्यासारख्या लहान गावांत राहणाऱ्यांसाठी. ज्या माणसाच्या बोलण्यातून आपणांस काही मिळाले, त्यास ते लिहिण्यापूर्वी विचारावे. पाटल्यांचे प्रकरण नव्याने लिहावयास घेतले तेव्हा आम्ही वहिनींपाशी पुन्हा गेलो. त्यांचेच बोलणे घ्यावयाचे होते. म्हटले, ‘‘तुम्ही त्या दिवशी बोललात, ते सुनेच्या तोंडी घालू का?’’ त्या किंचित हसल्या. म्हणाल्या, ‘‘विचारलेत ना? मग घाला.’’

असो. यंदाही मृग वेळेवर आला आहे, आणि हे लिहीत असतानाच वीज गेली आहे. माजघरात दिवा लागला; काकूंनी आपली जागा धरली; चिरंजीवांनी खडू शोधून काढला आहे. आज पाटल्यांचे प्रकरण आहे. वहिनी बैठकीस येऊन बसल्या आहेत, आणि आम्हांस आत हाक आली आहे.